ग्रंथालय सूची प्रकल्प : कामाच्या नोंदी (जुलै ते ऑक्टोबर 2024)

8 जुलै 2024

कोकणातील एका तालुक्याच्या गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाची सूची संगणकावर नव्याने उभी करण्याचे काम आज हाती घेतले. सुमारे 40 हजार ग्रंथांच्या नोंदी आहेत. त्यांतील मोठा भाग पूर्वी युनिकोडपूर्व (युनिकोड म्हणजे प्रत्येक वर्णाला ठरावीक क्रमांक देणारे मानक) फाँटांत टंकलिखित झालेला आहे, काही नोंदी नंतर युनिकोडमध्ये भरल्या गेल्या आहेत आणि उरलेल्या अजून दाखल नोंदवहीत हाताने लिहिलेल्याच आहेत. ग्रंथपाल मॅडमच्या अपेक्षा मोजक्या आणि स्पष्ट आहेत: सभासदाने शीर्षक किंवा लेखकाचे नाव ज्या पद्धतीने लिहिले असेल त्या पद्धतीने ग्रंथ सापडला पाहिजे, यादी मराठी वर्णक्रमाने लागली पाहिजे आणि देवघेव विभागात गर्दीच्या वेळी गोंधळ होता कामा नये.

पहिल्या बैठकीचा बराच वेळ कोणते फ्रेमवर्क (सॉफ्टवेअर लिहिण्याचा तयार सांगाडा) घ्यावे, कोणता क्लाउड घ्यावा आणि शोधासाठी कोणता तयार सर्व्हर बसवावा या चर्चेत गेला. नव्याने रुजू झालेले दोघे अभियंते या विषयावर उत्साहाने आणि बऱ्यापैकी माहितीनिशी बोलतात. त्यांचे ऐकून घेतल्यावर मी फळ्यावर चार प्रश्न लिहिले. एक नोंद संगणकात नेमकी कोणत्या रूपात साठते? दोन नोंदी एकच आहेत असे केव्हा मानायचे? कोणती नोंद आधी आणि कोणती नंतर हे कशावरून ठरवायचे? एकाच वेळी दोघांनी एकच नोंद बदलली तर काय व्हायला हवे? या चारांची उत्तरे मिळेपर्यंत साधनांची निवड पुढे ढकलली आहे. या नोंदी मी मुख्यतः त्या दोघांसाठी लिहितो आहे, कारण शिकण्याच्या वयातला वेळ कुठे खर्च करावा याबद्दल माझे मत ठाम आहे आणि ते केवळ सांगण्यापेक्षा या कामातून दाखवता आले तर अधिक उपयोगी पडेल.

11 जुलै 2024

जुन्या फाँटांतील मजकुराचे रूपांतर सुरू केले. या फाँटांची पद्धत अशी की, संगणकाच्या दृष्टीने मजकूर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचाच असतो. फक्त त्या जागी देवनागरीचे तुकडे काढलेले असतात. फाँट बदलला की मजकुराचा अर्थ नाहीसा होतो. युनिकोडमध्ये देवनागरीसाठी ०९०० ते ०९७एफ हा 128 जागांचा स्वतंत्र पट्टा आहे आणि तेथे प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक आहे, त्यामुळे तेथे फाँट हा केवळ दिसण्याचा भाग राहतो.

कोणत्या तुकड्याच्या जागी कोणता वर्ण याचा तक्ता आपल्या ज्येष्ठ सहकारी मॅडमनी दोन प्रकारच्या फाँटांसाठी तयार केला. काही फाँटांत पूर्ण व्यंजनसुद्धा अर्धे व्यंजन आणि उभा दंड अशा दोन तुकड्यांत साठवलेले आहे, हेही त्यांच्याच लक्षात आले. तरीही तक्त्याने काम निम्मेच होते. खरी अडचण क्रमाची आहे. जुन्या फाँटांत मजकूर जसा दिसतो त्या क्रमाने साठतो, म्हणून ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी येते आणि रफार अक्षराच्या नंतर येतो. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम पाळला जातो: वेलांटी व्यंजनानंतर आणि रफाराचा र् व्यंजनाच्या आधी.

16 जुलै 2024

दोघांपैकी एकाने रूपांतराचा कोड एआय सहायकाकडून लिहून घेतला होता. कोड नीटनेटका होता, त्याला टिप्पण्या होत्या, ‘किती’, ‘दिवस’, ‘विहीर’ हे शब्द बरोबर येत होते. ज्येष्ठ सहकारी मॅडमनी त्या कोडला ‘स्थिती’ हा शब्द दिला. जुन्या साठवणीत तो वेलांटी, अर्धा स्, थ, त, दीर्घ वेलांटी असा आहे. कोड वेलांटीला पुढच्या एका तुकड्यापलीकडे नेत होता, त्यामुळे ती अर्ध्या स् ला चिकटली आणि शब्द मोडला. ती थ च्या पलीकडे जायला हवी होती. मग ‘आर्थिक’ दिला. तो आ, वेलांटी, थ, रफार, क असा साठलेला आहे. येथे वेलांटी पुढे सरकायची आहे आणि रफार मागे सरकायचा आहे, आणि दोघांनी एकमेकांना ओलांडताना थ च्या योग्य बाजूंना थांबायचे आहे. ‘मूर्ती’मध्ये रफार दीर्घ वेलांटीच्याही नंतर येतो, म्हणून त्याला मात्रा आणि व्यंजन असे दोन्ही ओलांडून मागे जावे लागते.

त्या अभियंत्याने सहायकाला एकेक शब्द देऊन सुधारणा करून घ्यायला सुरुवात केली होती. प्रत्येक सुधारणेने एक अट वाढत होती आणि आधीचा एखादा शब्द बिघडत होता. तेथे थांबून आम्ही कागदावर अक्षराची व्याख्या लिहिली: शून्य किंवा अधिक अर्धी व्यंजने, त्यानंतर एक पूर्ण व्यंजन, असल्यास एक मात्रा, असल्यास अनुस्वार किंवा विसर्ग. ही व्याख्या एकदा हातात आल्यावर वेलांटी आणि रफार यांचे दोन नियम एकेका वाक्यात बसले. वेलांटी पुढच्या अक्षराच्या पूर्ण व्यंजनानंतर ठेवायची. रफार मागच्या अक्षराच्या अगदी आरंभी ठेवायचा. मर्यादित अवस्थांचे यंत्र आणि नियमित भाषा हे विषय अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात असतात आणि परीक्षेनंतर बहुतेकांच्या मनातून जातात. येथे त्यांचा थेट उपयोग झाला. याच व्याख्येवरून सहायकाकडून पुन्हा कोड लिहून घेतला तेव्हा तो पहिल्यापेक्षा लहान आला आणि आमच्या चाचणीतल्या सर्व शब्दांवर बरोबर चालला. साधन दोन्ही वेळा तेच होते. काय मागायचे हे दुसऱ्या वेळी ठाऊक होते.

22 जुलै 2024

‘वऱ्हाड’ शोधले असता निम्मेच ग्रंथ येत होते. दोन नोंदी शेजारी ठेवल्या तर पडद्यावर तसूभरही फरक दिसत नव्हता, म्हणून मी दोघांना दोन्ही शब्दांतील वर्णांचे क्रमांक छापायला सांगितले.

एका नोंदीत व नंतर ०९३१ (ऱ), ०९४डी (विराम, म्हणजे पाय मोडण्याचे चिन्ह), मग ह असा क्रम होता. दुसऱ्या नोंदीत ०९३० (साधा र), ०९४डी, २००डी आणि मग ह. हे २००डी म्हणजे शून्य रुंदीचे जोडचिन्ह. ते दिसत नाही, जागा घेत नाही, पण साठते. युनिकोड मानकात अर्धचंद्री र लिहिण्याच्या या दोन्ही पद्धती मान्य आहेत, दुसरी जुन्या आवृत्तीशी सुसंगती राखण्यासाठी ठेवलेली आहे, आणि कोणता कळफलक वापरला यावर कोणती पद्धत उमटेल हे ठरते. युनिकोडचे प्रमाणित सामान्यीकरण (एकाच मजकुराची वेगवेगळी रूपे एक करण्याची पद्धत) र आणि खालचा नुक्ता यांना ऱ शी एकरूप करते, पण या दोन पद्धतींना एकरूप करत नाही. म्हणजे तयार फंक्शन चालवले आणि समाधान मानले तर ‘कुऱ्हाड’, ‘बिऱ्हाड’, ‘सुऱ्या’ या सगळ्यांचा शोध अर्धवट राहतो.

तसेच ‘ॲ’चे. ०९७२ हा स्वतंत्र वर्ण युनिकोडच्या 5.1 या आवृत्तीत 2008 मध्ये आला. त्याआधी भरलेल्या नोंदींत अ वर चंद्र देऊन काम भागवलेले आहे आणि कोठे कोठे हिंदी कळफलकावरचा ऍ आलेला आहे. तिन्ही एकमेकांशी समतुल्य मानले जात नाहीत.

यावर ठरलेला निर्णय: मूळ मजकूर आहे तसा जपायचा आणि शोधासाठी प्रत्येक नोंदीची एक वेगळी किल्ली, म्हणजे ठरावीक नियमांनी एकसारखे केलेले रूप, तयार करायची. सभासदाने दिलेल्या शब्दाचीही त्याच नियमांनी किल्ली बनेल आणि तुलना नेहमी किल्ल्यांचीच होईल. समतुल्यतेचा संबंध म्हणजे काय, त्यातून वर्ग कसे पडतात आणि प्रत्येक वर्गाचा एक प्रतिनिधी कसा निवडायचा, हे गणित पहिल्या वर्षाला शिकवले जाते. दोघांनाही व्याख्या पाठ होती. ती ‘वऱ्हाड’ला लागू पडते हे आज पाहिल्यावर त्यांनी स्वतःहून आणखी तीन-चार ठिकाणे शोधून काढली, याचा मला मनापासून आनंद झाला.

30 जुलै 2024

ग्रंथपाल मॅडमनी जुन्या ग्रंथांचा विषय काढला. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम महाराष्ट्र शासनाने 1962 मध्ये स्वीकारले आणि अनुच्चारित अनुस्वार लेखनातून गेला. त्यापूर्वीच्या ग्रंथांच्या शीर्षकांत ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘घरांत’ अशी रूपे आहेत आणि सूचीत ती तशीच राहिली पाहिजेत, कारण सूची ही मुखपृष्ठाशी प्रामाणिक असायला हवी. सभासद मात्र ‘काही’ असेच लिहिणार. ‘कवि’ आणि ‘कवी’, ‘मति’ आणि ‘मती’ यांचेही तेच.

अनुस्वार सरसकट काढून टाकला तर ‘अंग’ आणि ‘अग’ एकच होतात. म्हणून आता प्रत्येक नोंदीला दोन किल्ल्या आहेत: एक काटेकोर, 22 जुलैच्या नियमांपुरती, आणि दुसरी सैल, जिच्यात अनुस्वार वगळलेला आणि ऱ्हस्व-दीर्घ एक केलेले असतात. काटेकोर किल्लीने जुळलेले ग्रंथ आधी दाखवायचे, सैल किल्लीने जुळलेले त्यांच्याखाली. मॅडमनी स्वतः बसून शंभरावर शीर्षके तपासली आणि क्रम मान्य केला.

1 ऑगस्ट 2024

आजची नोंद सविस्तर लिहितो, कारण या प्रकल्पात मला जे सांगायचे आहे ते येथे सर्वांत स्वच्छ दिसते.

शीर्षकांतील मधल्या शब्दांवरही शोध हवा म्हणून एसक्यूलाइट या डेटाबेसची एफटीएस5 ही शब्दशोधाची सोय वापरून पाहिली. ‘मोती’ शोधल्यावर ‘माती’ असलेली शीर्षके आली. ‘मिती’ही आली. दोघांचे तात्काळ मत असे झाले की हे साधन मराठीला चालणार नाही, म्हणून शोधासाठी स्वतंत्र सर्व्हर बसवावा. दुसरा पर्याय म्हणून शब्दांचे सदिशांत, म्हणजे संख्यांच्या याद्यांत, रूपांतर करून अर्थाने शोधणारी नवी पद्धत सुचवली गेली. दोन्हींसाठी ग्रंथालयातल्या यंत्रापेक्षा मोठे यंत्र किंवा अखंड इंटरनेट लागेल, आणि तेथे पावसाळ्यात यांतले काहीच गृहीत धरता येत नाही.

मी एकच प्रश्न विचारला: हे साधन ‘मोती’चे तुकडे कसे पाडते? कोणीच पाहिलेले नव्हते. शब्दशोधाची कोणतीही यंत्रणा आतून उलट सूची असते. मजकुराचे शब्द पाडायचे आणि प्रत्येक शब्दासमोर तो कोणकोणत्या नोंदींत आहे ते लिहून ठेवायचे, जसे ग्रंथाच्या शेवटी विषयसूची असते. म्हणून शब्द कोठे तुटतो हा तिथला पहिला प्रश्न असतो. एफटीएस5 मूळ मांडणीत युनिकोडच्या वर्गीकरणातील अक्षरे आणि अंक यांनाच शब्दाचा भाग मानते आणि बाकी सर्वांना विभाजक मानते. देवनागरीतील मात्रा आणि विराम युनिकोडमध्ये अक्षरे नसून चिन्हे या वर्गात येतात. त्यामुळे ‘मोती’ हा शब्द म आणि त असा दोन तुकड्यांत मोडतो, ‘माती’ही म आणि त असाच मोडतो, आणि दोन्ही सारखे ठरतात. ‘मती’ मात्र येत नव्हता, कारण तेथे म आणि त यांच्यामध्ये मात्रा नसल्याने ‘मत’ असा एकच तुकडा पडतो. न येणाऱ्या या शब्दाने निदान पक्के झाले.

उपाय दस्तऐवजातच आहे. शब्दाचा भाग कोणत्या वर्गांना मानायचे हे सांगण्याची सोय त्या साधनात दिलेली आहे. तेथे चिन्हांचे दोन वर्ग जोडले आणि सूची पुन्हा बांधली. ‘मोती’ला आता मोतीच येतात. एका ओळीचा बदल झाला.

उलट सूची म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे तो कोणत्याही शोधयंत्रणेसमोर बसला तरी पहिला प्रश्न हाच विचारेल. ज्याला ठाऊक नाही तो एका साधनाकडून दुसऱ्याकडे जाईल, आणि दुसऱ्याची मूळ मांडणी योगायोगाने मराठीला अनुकूल निघाली तर त्या साधनाचा चाहता होईल. त्याच्या पदरी पडलेले ज्ञान मात्र त्या साधनापुरतेच असेल. सदिशांची पद्धत मी नाकारलेली नाही. ‘शेतीवरची पुस्तके’ अशा विषयानुसार शोधाला ती पुढे उपयोगी पडेल, पण शीर्षक आणि लेखक यांच्या शोधात सभासदाला नेमका तोच ग्रंथ हवा असतो आणि ‘हा का आला’ या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर असले पाहिजे.

6 ऑगस्ट 2024

दुबार नोंदी शोधायच्या आहेत. पहिला कोड प्रत्येक नोंदीची प्रत्येक नोंदीशी तुलना करत होता. 40 हजार नोंदींच्या जोड्या सुमारे 80 कोटी होतात आणि प्रत्येक जोडीसाठी शब्दांतील अंतर, म्हणजे एकाचे दुसरे करायला किती बदल लागतात ते, मोजले जात होते. काम रात्रभर चालूनही संपले नाही, तेव्हा क्लाउडवर अनेक यंत्रे भाड्याने घेऊन गणन वाटून देण्याचा प्रस्ताव आला. यंत्रे दहापट केली तरी 80 कोटींचे 8 कोटी प्रत्येकी होतील. आणि नोंदी दुप्पट झाल्या की जोड्या चौपट होतील.

सैल किल्ली हाताशी होतीच. तिच्यानुसार नोंदी एका हॅश सारणीत, म्हणजे किल्लीवरूनच जागा ठरवणाऱ्या कोष्टकात, गटांत टाकल्या आणि तुलना गटाच्या आतच केली. 40 हजार नोंदींवर एक फेरी पुरली. हॅशिंगची कल्पना आयबीएममध्ये हान्स पीटर लून यांनी 1953 मध्ये एका अंतर्गत टिपणात मांडली होती. ज्या कपाटात ग्रंथ असू शकतो तेच उघडायचे, सगळी उघडायची नाहीत, हे ग्रंथपाल मॅडमना समजावून सांगावे लागले नाही.

किल्लीत न सापडणारे टंकलेखनदोष शिल्लक आहेत. त्यांच्यासाठी लेखकाच्या नावानुसार गट पाडून त्यांच्या आत लेव्हेनश्टाइन यांची 1965 ची अंतर मोजण्याची पद्धत वापरली. अंतर युनिकोड क्रमांकांवर मोजायचे की अक्षरांवर हा निर्णय महत्त्वाचा आहे: ‘श्री’ हे दिसायला एक अक्षर आहे, क्रमांक चार आहेत. आम्ही अक्षरांवर मोजतो आहोत.

14 ऑगस्ट 2024

काही शीर्षकांच्या शेवटी चौकटी आणि प्रश्नचिन्हे दिसत होती. जुन्या कोष्टकात शीर्षकाला 50 बाइटांची मर्यादा होती. युनिकोड साठवण्याच्या यूटीएफ-8 या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक वर्ण तीन बाइट घेतो, म्हणजे 16 वर्ण पूर्ण बसतात आणि सतराव्याचे दोन बाइट राहतात. कापलेली शीर्षके दाखल नोंदवहीवरून पुन्हा भरावी लागतील. ग्रंथपाल मॅडमनी त्यासाठी दोन विद्यार्थी मदतीला दिले आहेत.

21 ऑगस्ट 2024

वर्णक्रम. संगणकाने मूळ क्रमाने लावलेल्या यादीत ‘कळप’, ‘कवच’, ‘कहाणी’ असा क्रम आला. युनिकोडमध्ये ळ चा क्रमांक ल च्या लगेच पुढे आहे, म्हणून असे होते. मराठी वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर येतो, त्यामुळे ‘कवच’, ‘कहाणी’, ‘कळप’ हा क्रम हवा. ग्रंथालयातल्या जुन्या तालिका पत्रांच्या खणांतही ह नंतर ळ आणि त्यानंतर क्ष, ज्ञ असे खण आहेत, आणि मॅडमना तोच क्रम संगणकात हवा आहे.

येथे तयार साधन घेतले. आयसीयू या सॉफ्टवेअर लायब्ररीत मराठीचे क्रमनियम आहेत आणि ते अनेक वर्षे अनेकांनी तपासलेले आहेत. ते स्वतः लिहिण्यात काहीच शहाणपण नव्हते. मूलभूत गोष्टी शिकाव्यात याचा अर्थ सगळे हातानेच लिहावे असा कोणी घेऊ नये. वर्णाचा क्रमांक आणि वर्णाचा क्रम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे समजल्यावरच असे साधन अस्तित्वात असेल आणि ते शोधले पाहिजे हे सुचते.

23 ऑगस्ट 2024

क्रम बदलल्यावर शीर्षकाचा इंडेक्स वापरला जाईनासा झाला आणि यादी उघडायला वेळ लागू लागला. कारण सरळ आहे. इंडेक्स हे बी-ट्री असते, म्हणजे क्रमाने लावलेल्या किल्ल्यांचे झाड, आणि ते ज्या क्रमाने बांधले त्याच क्रमाने त्यात शोधता येते. आमचा इंडेक्स बाइटांच्या क्रमाने बांधलेला होता आणि यादी मराठी क्रमाने मागितली जात होती. मराठी क्रम डेटाबेसमध्ये नोंदवून इंडेक्स त्याच क्रमाने पुन्हा बांधला.

यानिमित्ताने दोघांना ग्लिबसी 2.28 ची हकीकत सांगितली. लिनक्सच्या या मूळ लायब्ररीची ती आवृत्ती ऑगस्ट 2018 मध्ये आली आणि तिच्यात अनेक भाषांचे क्रमनियम बदलले. ज्यांच्या पोस्टग्रेस डेटाबेसमधील मजकुराचे इंडेक्स जुन्या नियमांनी बांधलेले होते, त्यांनी कार्यप्रणाली अद्ययावत केल्यावर डेटाबेस नव्या नियमांनी जुन्या झाडात शोधू लागला. असलेल्या नोंदी सापडेनात, आणि एकमेव असायला हव्या त्या किल्ल्या दोनदा शिरण्याचा धोका उभा राहिला. डेटाबेसचा एक शब्दही कोणी बदललेला नव्हता. क्रमवारी लावलेल्या यादीत अर्ध्याअर्ध्याने शोधताना क्रम खरा असणे ही पूर्वअट असते, हे ज्यांनी मन लावून शिकले त्यांना इंडेक्स पुन्हा बांधण्याची गरज लगेच कळली असेल. 40 हजार नोंदींत अशा शोधाला जास्तीत जास्त 16 तुलना लागतात, आणि सोळाच्या सोळा पूर्णपणे त्या पूर्वअटीवर उभ्या असतात.

आमच्याकडे आयसीयूची आवृत्ती बदलली की इंडेक्स पुन्हा बांधायचा, हा नियम स्थापनेच्या आज्ञावलीतच घातला आहे.

4 सप्टेंबर 2024

देवघेव विभाग. दोन काउंटरांवरून एकच प्रत एकाच क्षणी दिली जाऊ शकत होती: दोन्ही संगणक ‘प्रत उपलब्ध आहे का’ असे विचारतात, दोघांना होकार मिळतो, दोघेही ती देतात. विचारणे आणि देणे या दोन कृती वेगळ्या होत्या. आता एकच विधान आहे, ‘उपलब्ध असेल तर दिलेली कर’, आणि किती ओळी बदलल्या यावरून ग्रंथ मिळाला की नाही हे कळते. डेटाबेसमधील व्यवहाराचे जे चार गुण हेर्डर आणि रॉयटर यांनी 1983 मध्ये एसिड या नावाखाली एकत्र बांधले, त्यांतील अविभाज्यता आणि अलगता हे दोन येथे लागले.

12 सप्टेंबर 2024

अनामत आणि विलंब शुल्क पूर्णांक पैशांत साठवले. संगणक द्विमान पद्धतीने साठवतो त्या अपूर्णांकी संख्यांत 0.1 आणि 0.2 यांची बेरीज नेमकी 0.3 येत नाही, आणि वर्षअखेरच्या हिशेबात ग्रंथपालांनी त्याचा खुलासा करत बसावे हे योग्य नाही.

24 सप्टेंबर 2024

दोघांपैकी एकीने आज थेट विचारले की मुलाखतींत तर साधनांचीच यादी मागतात, मग जुन्या गोष्टींवर वेळ घालवून नोकरीत मागे पडायला होणार नाही का. प्रश्न रास्त आहे आणि त्याला उडवून लावणे अन्यायाचे होईल. जाहिरातीत साधनांची नावे असतात, घरची जबाबदारी असते, आणि पहिली नोकरी मिळवण्यासाठी त्या नावांची तयारी करावीच लागते. मी तिला सांगितले ते असे.

अँग्युलरजेएस हे फ्रेमवर्क 2010 मध्ये आले, काही वर्षे जाहिरातींत सर्वत्र होते, 2016 मध्ये त्याची पुढची आवृत्ती जवळजवळ संपूर्ण नव्याने लिहिली गेली आणि मूळ फ्रेमवर्कची देखभाल 2021 च्या अखेरीस थांबली. रिअ‍ॅक्ट हे तसेच साधन 2013 मध्ये आले आणि तेव्हापासून ते लिहिण्याची पद्धतही बदलत गेली आहे. या काळात ज्यांनी ही साधने वापरून चांगले काम केले त्यांचे कष्ट वाया गेले असे मी म्हणणार नाही. परंतु त्या कष्टांतील जो भाग पुढच्या साधनात सोबत आला तो ब्राउझर, एचटीटीपी, स्थितीची मांडणी आणि असमकालिक क्रिया यांच्या समजुतीचा होता. दुसरीकडे, कॉड यांनी डेटाबेसची संबंधात्मक मांडणी 1970 मध्ये दिली, बायर आणि मॅक्राइट यांनी बोइंगच्या प्रयोगशाळेत बी-ट्री त्याच सुमारास मांडले, केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-8 ची रचना 1992 मध्ये केली. या महिन्यांत आम्ही जे जे अडथळे ओलांडले ते अशाच जुन्या कल्पनांच्या आधाराने ओलांडले. नवे साधन शिकायला मला आज कमी वेळ लागतो, कारण त्याच्या आत बहुधा काय असेल याचा अंदाज आधीच बांधता येतो.

हेही खरे की आमच्या महाविद्यालयांत मूलभूत विषय बहुतेक वेळा प्रश्नोत्तरांच्या रूपाने शिकवले जातात. बी-ट्रीची आकृती काढता येते, पण यादी संथ झाली की तिची आठवण होत नाही. दोष विद्यार्थ्यांचा नाही. यावर मला एकच मार्ग दिसतो: खरी अडचण समोर असतानाच तो धडा पुन्हा उघडावा. दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही तासभर त्या आठवड्याची अडचण फळ्यावर उलगडतो, आणि ही पद्धत हा प्रकल्प संपल्यावरही चालू ठेवण्याची परवानगी मी कार्यालयाकडून घेतली आहे.

9 ऑक्टोबर 2024

ग्रंथालयात प्रत्यक्ष चाचणी. शोधाच्या निकालांचे पान काउंटरवरच्या संगणकावर रेंगाळत होते, आमच्या कार्यालयात मात्र झटकन उघडत असे. मी काही बोलण्याआधीच दोघांनी डेटाबेसकडे जाणाऱ्या क्वेरी, म्हणजे माहितीच्या मागण्या, मोजायला घेतल्या. पानावर 50 ग्रंथ होते आणि क्वेरी 51 जात होत्या: एक यादीची आणि मग प्रत्येक ग्रंथाच्या लेखकासाठी एक. कोडमध्ये हे दिसत नव्हते, कारण वस्तू आणि कोष्टके यांची सांगड घालणारी लायब्ररी ‘ग्रंथाचा लेखक’ असे म्हणताच आपण होऊन क्वेरी पाठवत होती. कार्यालयात डेटाबेस त्याच यंत्रावर असल्याने हा खर्च जाणवला नाही. येथे प्रत्येक क्वेरीसाठी जुन्या नेटवर्कवरून वाचन होत होते. कोष्टके जोडून एकच क्वेरी केली आणि पान लगेच उघडू लागले. लायब्ररी काढून टाकलेली नाही, ती सोयीची आहे. यादीच्या पानांवर जोडणी आधीच मागायची असा नियम केला.

21 ऑक्टोबर 2024

सूची आजपासून ग्रंथालयात चालू झाली. रूपांतराच्या चाचणीचे शब्द, किल्ल्यांचे नियम आणि क्रमाचे नियम हे तिन्ही साध्या मजकुराच्या फाइलींत मराठीतून लिहून ग्रंथपाल मॅडमकडे दिले आहेत, म्हणजे उद्या आमच्या जागी दुसरे कोणी आले तरी त्यांना कोडमधून ते उकरून काढावे लागणार नाहीत.

सभासदांसाठीचा पडदा नव्या फ्रेमवर्कमध्ये लिहिण्याची दोघांची इच्छा जुलैपासून आहे. तिला आज होकार दिला आणि निवड त्यांच्यावर सोपवली. अटी तीन ठेवल्या आहेत. शोध, क्रम आणि देवघेव यांचे नियम पडद्यात शिरता कामा नयेत. काउंटरवरच्या जुन्या संगणकावर पान वापरण्याजोगे चालले पाहिजे. आणि निवडलेले फ्रेमवर्क ‘ग्रंथ दिला’ हे बटण दाबल्यापासून डेटाबेसमध्ये ओळ बदलेपर्यंत काय काय करते, हे येत्या गुरुवारी त्यांनी फळ्यावर मांडावे. मॅडमनाही त्या तासाला यायचे आहे. त्यांना काउंटरवर कधी कधी बटण दोनदा दाबले जाते, तेव्हा काय होते हे विचारायचे आहे.